हँडब्रेक आधी, गिअर नंतर: सोलापुरात नवीन गाडी शिकणाऱ्यांसाठी

गाडी शिकायला बसलं की पहिल्याच दिवशी सगळे सांगतात, क्लच दाब, गिअर टाक, क्लच हळू सोड, आणि मधल्या त्या दांडीबद्दल फक्त एवढंच, "हे खाली घे, मग गाडी निघंल". बस्स, हँडब्रेकचं शिक्षण संपलं. मग लायसन मिळून वर्ष झालं तरी माणूस आसरा पुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकला की हातापायाला घाम, मागं रिक्षा चिकटलेली, गाडी मागं सरकायलीय, आणि हा तिकडं क्लच अर्धा धरून इंजिन भुर्र भुर्र करत बसलाय. माझं म्हणणं सरळ आहे, मॅन्युअल गाडीत नव्या माणसाला जी भीती वाटते ती क्लचची नसते, गाडी मागं जाईल याची असते, आणि त्या भीतीवर औषध हँडब्रेक आहे. म्हणून माझ्या हाताखाली जो शिकतो त्याला मी आधी हँडब्रेक शिकवतो, इंजिन चालू करायच्या आधी.

आधी कागदाचं उरकून टाकू. लर्निंग लायसन काढल्याशिवाय रस्त्यावर स्टेअरिंगला हात लावायचा नाही, वय 18 पूर्ण पाहिजे, लर्निंग 6 महिने चालतं आणि 30 दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. गाडीला पुढं मागं पांढऱ्यावर लाल एल लावायचा, शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसला पाहिजे. आणि हो, टेस्टच्या नियमांत चढावर गाडी थांबवून मागं न सरकता परत काढणं हे लिहिलेलंच आहे, हँडब्रेक नीट वापरून किंवा ॲक्सिलरेटर आणि फूट ब्रेक सांभाळून. म्हणजे खाली जे सांगतोय ते परीक्षेला पण येतंय.

इंजिन बंद ठेवून सुरुवात

गाडी सपाट जागेवर उभी आहे, चावी तुमच्याकडं आहे, पण इंजिन बंदच राहू द्या. सीट एवढी पुढं घ्या की क्लच पूर्ण तळाला दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहील, पाय ताणून टोकानं क्लच दाबणारे लोक हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून धरण्यावर, कधीच कंट्रोल करू शकत नाहीत. सैल चप्पल घालून बसू नका, ती पेडलखाली अडकते. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 44 च्या आसपास जातो आणि लोक चप्पल काढून अनवाणी चालवायला बघतात, पेडल काय तापतं ते दुपारी एकदा कळलं की परत कुणी करत नाही. साधा बूट घाला.

आता हँडब्रेकची दांडी वर ओढा. कट कट कट असा आवाज येईल, ते आत दातेरी पट्टी आणि खुंटी असते तिचे खटके. दांडी वर ओढली की खुंटी दात्यात अडकते म्हणून दांडी खाली पडत नाही. पुढचं बटण दाबलं की खुंटी सुटते. खाली घ्यायचं असेल तेव्हा आधी दांडी जराशी अजून वर उचला, मग बटण दाबा, मग खाली. नवीन माणूस बटणावरच जोर लावत बसतो आणि म्हणतो जाम झालाय, जाम काही नसतं, खुंटीवर ताण असतो, उचलल्याशिवाय ती सुटत नाही. हे नुसतं वर, खाली, वर, खाली रस्त्याकडं बघत करा. दांडीकडं न बघता हात तिथं गेला पाहिजे.

खटके मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत चार ते आठच्या दरम्यान गाडी धरली पाहिजे, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. दांडी पार वर छताकडं बघायला लागली तर केबल सैल आहे किंवा आतले लायनर, म्हणजे चाक धरणारा ब्रेकचा थर, घासलेत, गॅरेजला दाखवा. सेकंडहँड गाडी घेताना तर हे पहिलं बघा, इंजिनचा आवाज सगळेच ऐकतात, हँडब्रेकचे खटके कुणी मोजत नाही.

ती दांडी मागं काय करते

दांडीला खाली स्टीलची केबल आहे. ती गाडीच्या पोटाखालून मागं जाते, मध्ये एक छोटी पट्टी असते जी ओढ डाव्या उजव्या दोन्ही चाकांना सारखी वाटते, आणि तिथून दोन केबली मागच्या दोन चाकांत शिरतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागं ड्रम ब्रेक असतो. ड्रम म्हणजे लोखंडी डबा, तो चाकाबरोबर फिरतो, आत दोन अर्धचंद्रासारखे शू असतात, त्यांना लायनर चिकटवलेला असतो. केबलनं आतला एक छोटा दांडा ओढला की दोन्ही शू फाकतात आणि ड्रमला आतून दाबून धरतात. यात मजा अशी की चाक फिरायला गेलं की ते शूला आपल्याबरोबर ओढतं आणि शू अजूनच घट्ट बसतो, म्हणून ड्रम दिसायला जुना असला तरी गाडी उभी धरायला लई चांगला.

पायाचा ब्रेक वेगळा. तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, चारही चाकांना लागतो, म्हणून गाडी थांबवायला तोच. पण ऑइलचा दाब रात्रभर टिकेल याची खात्री नसते, कुठं थेंबभर गळती असली तरी दाब उतरतो. केबल तशी उतरत नाही, खुंटी अडकली ती अडकली. म्हणून थांबवायचं पायानं आणि उभं ठेवायचं हातानं. चालत्या गाडीत हँडब्रेक खसकन ओढला तर फक्त मागची दोन चाकं लॉक होतात आणि गाडीचं बूड फिरतं. रील बघून मैदानात असले प्रकार करणारे खूप आहेत, त्यांच्या नादाला लागू नका.

एकदा गल्लीतल्या गॅरेजमध्ये चाचांना ड्रम खोलताना बघितलं. चाक काढलं, ड्रमला चारी बाजूंनी हातोडीनं हलके टोले दिले, ड्रम सुटून हातात आला आणि आतून मूठभर काळी भुकटी खाली पडली, ती सगळी लायनरची. चाचांनी नाकाला रुमाल बांधला होता आणि मला म्हणाले, "मागं सरका, ही धूळ छातीत जाऊ देऊ नका". मग शूच्या खालच्या बाजूला एक दातेरी चाकी होती ती स्क्रूड्रायव्हरनं दोन तीन दाते फिरवली, ड्रम चढवला, हातानं फिरवून बघितला, किंचित घासल्याचा आवाज आला तेव्हा कुठं समाधान झालं. केबलला हातही लावला नाही. बऱ्याच ठिकाणी हँडब्रेक सैल म्हटलं की सरळ वरून केबलचा नट आवळून देतात, पण आधी शू ड्रमजवळ आणायचे आणि मग लागलंच तर केबल, हा क्रम बरोबर. तुम्ही गॅरेजला गेलात तर एवढं विचारा, "ड्रम खोलून बघितला का?"

सगळ्या गाड्यांत दांडीच असते असं नाही

मागं ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे लोखंडी चकती, असलेल्या गाड्यांत दोन प्रकार. एकात कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनमध्येच स्क्रूसारखी यंत्रणा असते, केबल ओढली की पिस्टन पुढं सरकून पॅड डिस्कला दाबतं. दुसऱ्यात डिस्कच्या मधल्या फुगीर भागात एक छोटा ड्रम लपवलेला असतो, तो फक्त हँडब्रेकसाठी. पहिल्या प्रकारात एक भानगड आहे, डिस्क लई तापलेली असताना गाडी लावली तर ती थंड होताना आकसते आणि पकड थोडी सैल पडते. घाट उतरून लगेच उतारावर गाडी लावली आणि वीस मिनिटांनी ती हळूच निघाली, असं होऊ शकतं. म्हणून एक खटका जास्त आणि सोबत गिअर.

पायानं दाबायचा पार्किंग ब्रेक पण असतो, क्लचच्याही डावीकडं एक छोटं पेडल, मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांत आणि काही टोयोटांत. एकदा दाबला की लागतो, सोडायला काहींत परत दाबायचा, काहींत वरची मूठ ओढायची. जुन्या विलीज जीपमध्ये तर डॅशखाली ओढायची मूठ असायची आणि तो ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर लागायचा. गावाकडं कुणाच्या गोठ्यात अशी जीप उभी असेल तर बसून ओढून बघा, लगेच कळतंय.

एसटीचं वेगळंच. स्टँडवर बस लागली की फुस्स करून आवाज येतो ना, ती हवा सोडल्याचा आवाज. एअर ब्रेकच्या गाड्यांत मागं दांडगी स्प्रिंग ब्रेक लावायला टपलेलीच असते, हवेचा दाब तिला मागं रेटून धरतो. ड्रायव्हरनं नॉब ओढला की हवा जाते आणि स्प्रिंग ब्रेक लावते. म्हणजे आपल्या गाडीच्या बरोबर उलटं, आपल्याकडं जोर लावला तर ब्रेक लागतो, तिकडं जोर गेला तर लागतो. म्हणून बराच वेळ उभी असलेली बस चालू करून ड्रायव्हर थोडा थांबतो, हवा भरेपर्यंत ती हलतच नाही. आपण मात्र आत बसून "काय राव, सोड की आता" करत असतो.

आणि आता आला बटणवाला, इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक. जीप कंपास, क्रेटाची वरची मॉडेलं वगैरे. दांडीच्या जागी छोटा स्विच, वर ओढला की मागच्या कॅलिपरवरची मोटर फिरते आणि ब्रेक लागतो, घर्रर्र असा बारीक आवाज येतो. सोडायला पायाचा ब्रेक दाबून स्विच खाली. बऱ्याच गाड्यांत बेल्ट लावलेला असेल, दार बंद असेल आणि तुम्ही गिअर टाकून निघालात तर तो आपोआप सुटतो. सोबत ऑटो होल्ड असेल तर सिग्नलला गाडी थांबली की पाय काढला तरी गाडी धरून ठेवते. सोय छान आहे, पण मला विचाराल तर शिकायला दांडीवालीच गाडी घ्या, किती धरलाय आणि किती सोडलाय हे हाताला कळतं, स्विचला फक्त आहे किंवा नाही एवढंच कळतं. बटणवाली गाडी घरात असेल तर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. बॅटरी उतरली तर लागलेला ब्रेक लागलेलाच राहतो, आधी जंप देऊन गाडीला करंट द्यावा लागतो. आणि मागचे पॅड बदलायचे तर ब्रेक आधी सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, नेहमीसारखा पिस्टन जबरदस्तीनं मागं दाबला तर मोटर आणि आतलं सगळं जातं, त्यामुळं हे काम ज्याच्याकडं गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर आहे त्याच्याकडंच द्या.

आता इंजिन चालू

जागा निवडा. सात रस्ता किंवा नवी पेठेत शिकायला जाऊ नका, तिथं चालवता येणाऱ्यालाच घाम फुटतो. चिंचोळी एमआयडीसीतले आतले रुंद रस्ते सकाळी लवकर बरे, शिफ्ट सुटायची वेळ सोडून. नाहीतर गावाबाहेर कुठलंही मोकळं सपाट मैदान, पण मालकाला विचारून.

हँडब्रेक वर, गिअर न्यूट्रल, हे दांडी डावीउजवीकडं हलवून बघा, मोकळी हलली म्हणजे न्यूट्रल. क्लच पूर्ण दाबून स्टार्टर. न्यूट्रल असताना पण क्लच दाबूनच स्टार्ट करायची सवय लावा, कधी गिअरमध्ये राहिलेली गाडी उडी मारत नाही.

आता फक्त हाफ क्लच शोधायचा, गाडी कुठं न्यायची नाही. क्लच दाबा, पहिला टाका, हँडब्रेक वरच राहू द्या, ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका. क्लच एकदम सावकाश वर सोडा, टाच जमिनीला टेकवून. एका जागी येऊन इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं, सीटला बारीक थरथर येते. तोच हाफ क्लच. तिथंच पाय धरा, एक दोन तीन म्हणा, परत दाबा. अजून एक इंच सोडला असता तर गाडी ठसका खाऊन बंद पडली असती, पडली तरी काय बिघडत नाही, परत स्टार्ट. हे कंटाळा येईपर्यंत करा. हँडब्रेक वर असल्यामुळं गाडी कुठं जाणार नाही हे डोक्याला कळलं की पाय मोकळा होतो, आणि सगळी गंमत त्या मोकळ्या पायातच आहे.

जागा सापडली की सपाटीवर हँडब्रेक खाली घेऊन तेच करा. हाफ क्लचला गाडी आपोआप हळूहळू चालायला लागेल, आजकालच्या गाड्यांना सपाटीवर ॲक्सिलरेटर लागतच नाही, इंजिन स्वतः सांभाळून घेतं. चालायला लागली की क्लच पटकन सोडू नका, अजून एक दोन सेकंद तिथंच धरून मग पूर्ण सोडा. नव्या लोकांची गाडी बंद पडते ती इथंच, गाडी हलली या आनंदात पाय उचलतात.

थांबायचं असेल तर आधी ब्रेक, वेग उतरला आणि इंजिन घुरघुरायला लागणार असं वाटलं की मग क्लच. आधीच क्लच दाबून टाकला तर गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाईचा प्रसंग असेल तर मात्र विचार करू नका, दोन्ही एकदम पूर्ण दाबा.

गिअर बदलायचं फार शिकवायची गरज नाही, कान शिकवतो. छोट्या पेट्रोल गाडीत ढोबळमानानं दहा पंधराला दुसरा, पंचविसला तिसरा, चाळीसला चौथा, साठच्या पुढं पाचवा. रिव्हर्स गाडीगणिक वेगळा असतो, कुठं दांडी दाबून, कुठं खालची रिंग उचलून, आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही. गाडी चालू असताना डावा पाय क्लचवर ठेवून बसू नका, शेजारी ठेवा. नुसता पायाचा भार राहिला तरी आतला बेअरिंग आणि प्लेट झिजत राहते आणि मग गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवतो तेव्हा खिसा हलका होतो.

चढ

सोलापूर तसं सपाट शहर, त्यामुळं आपल्या लोकांना चढाची सवय नसते आणि रेल्वेच्या पुलावर पितळ उघडं पडतं. पद्धत अशी.

थांबलात, फूट ब्रेक धरलाय. हँडब्रेक पूर्ण वर ओढा. आता फूट ब्रेक सोडा आणि बघा गाडी धरते का, धरली पाहिजे. क्लच दाबा, पहिला टाका. निघायची वेळ आली की ॲक्सिलरेटर थोडा द्या, आरपीएमच्या काट्यावर पंधराशेच्या आसपास, आणि तो तिथंच स्थिर ठेवा. क्लच हळू सोडत हाफ क्लचला या, बॉनेट वर उचलेल, गाडी पुढं ओढ घेतेय पण हँडब्रेकनं धरलीय असं जाणवेल. आता पाय हलवू नका, फक्त हात. दांडी उचला, बटण, खाली. गाडी जागेवरच उभी राहील किंवा किंचित पुढं सरकेल. मग ॲक्सिलरेटर वाढवत क्लच पूर्ण सोडा.

बहुतेकांचं चुकतं ते हँडब्रेक सोडताना घाबरून क्लच पण खाली दाबतात तिथं. मग गाडी मागं येणारच. माझी वहिनी शिकत होती तेव्हा पुलाच्या चढावर असंच, मागं रिक्षावाला हॉर्न वाजवतोय आणि ती आरशात बघून म्हणते, "भावजी, मागं रिक्षा पार चिकटलीय हो, मी नाही काढत, तुम्हीच या इकडं". म्हटलं, "चिकटू द्या वहिनी, हँडब्रेक वर आहे ना, मग गाडी कुठं जातीय? त्याला वाजवू द्या. तुम्ही बॉनेटकडं बघा, ते उचलल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही". दोनदा बंद पडली, रिक्षावाला वैतागून बाजूनं काढून गेला, जाता जाता काहीतरी बोलला पण. तिसऱ्यांदा बॉनेट उचललं, दांडी खाली गेली आणि गाडी गपगुमान पुढं निघाली. त्यानंतर तिनं पुलाच्या दोन चकरा स्वतःहून मागून घेतल्या.

नव्या बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड येतो, फूट ब्रेक सोडल्यावर साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतो. चांगलाच आहे, पण दोन सेकंद म्हणजे दोनच सेकंद, शिकणाऱ्याचा पाय तेवढ्यात हाफ क्लचला पोचत नाही. हँडब्रेकनं शिका, हिल होल्ड बोनस समजा.

आणि चढावर थांबून हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं हे सोडूनच द्या. गाडी जागेवर उभी दिसते पण आत क्लच प्लेट सतत घासत असते, थोड्या वेळात जळका वास येतो. सिग्नलला किंवा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत जानेवारीत रस्ते तुंबतात तेव्हा न्यूट्रल, हँडब्रेक, दोन्ही पाय मोकळे.

ऊस गाळपाच्या दिवसांत एक जास्तीची काळजी. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढावर पुढं असेल तर त्याच्या बुडाला चिकटू नका. ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचललेलं आपण सगळ्यांनी बघितलंय, तो मागं आला तर तुमचा हँडब्रेक काय कामाचा. एक अख्खी गाडी मावेल एवढं अंतर ठेवा आणि तो पूर्ण वर गेल्यावरच निघा.

गाडी लावताना

इथं क्रम महत्त्वाचा. फूट ब्रेकनं थांबा, क्लच दाबून न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, मग फूट ब्रेक सोडा म्हणजे गाडी हलकीच बसते आणि भार हँडब्रेकवर येतो. मग इंजिन बंद, आणि शेवटी गिअर. सपाटीला किंवा चढाकडं तोंड असेल तर पहिला, उताराकडं तोंड असेल तर रिव्हर्स. आधी गिअरमध्ये अडकवून नंतर हँडब्रेक ओढला तर सगळा भार गिअरबॉक्सवर लटकतो, आणि सकाळी गिअर काढताना खटकन आवाज येतो तो याचाच.

चाकं पण वळवायची. आपण डाव्या बाजूला लावतो असं धरून सांगतो. उताराकडं तोंड असेल तर पुढची चाकं डावीकडं, म्हणजे निसटली तर फुटपाथला जाऊन अडेल. चढाकडं तोंड आणि शेजारी उंच फुटपाथ असेल तर उजवीकडं, मागं आली तर चाकाची मागची बाजू फुटपाथला टेकते. फुटपाथ नसेल तर दोन्ही वेळेला डावीकडं, निसटली तरी रस्त्यावर न जाता कडेला जाईल. जास्त उतार असेल तर चाकाला दगड, पण परत निघताना तो दगड रस्त्याच्या कडेला टाकून जा, तसाच सोडून गेलात तर रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आपटतो.

लग्नाला म्हणून आठ पंधरा दिवस गावाला जाणार आणि गाडी घरीच सपाटीवर राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, गिअर आणि चाकांना दगड एवढं पुरे. विशेषतः पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्या धुतल्या ओढून ठेवला तर ओला लायनर आणि ड्रम गंजून एकमेकांना चिकटतात. चिकटलाच तर जोरात ॲक्सिलरेटर देऊन ओढू नका, हळू पुढं मागं करा, बहुतेक वेळा टक्क आवाज येऊन सुटतो, नाहीच सुटला तर मेकॅनिक. धुतल्यावर गल्लीत एक चक्कर मारून दोन चार वेळा ब्रेक दाबला की ड्रम सुकतात.

तुळजापूरचा घाट

नवा ड्रायव्हर झाला की घरच्यांची पहिली फर्माईश तुळजापूर. अंतर 45 किलोमीटरच्या आसपास, रस्ता चांगला, फक्त शेवटी घाट. चढताना दुसऱ्या गिअरला लाजू नका, तिसऱ्यात इंजिन कण्हायला लागलं की लगेच दुसरा.

खरी परीक्षा परत येताना उतारावर. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये सोडणारे अजून आहेत. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणंच बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहायला थोडं पीतच असतं, म्हणजे वाचतं काहीच नाही आणि इंजिनची पकड जाते ती वेगळीच. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, दोन तीन वेळा ब्रेक दाबला की पायाचा जोर वाढवणारा बूस्टर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक धरून ठेवू नका, दाबा सोडा करा.

समजा फूट ब्रेक गेलाच, पेडल तळाला जातंय. पेडल पटापट पंप करा, कधीकधी दाब परत येतो. त्याच वेळी एक एक गिअर खाली. आणि मग हँडब्रेक, पण बटण दाबून धरून हळूहळू वर, मागची चाकं सरकायला लागली असं वाटलं की थोडा सैल करता आला पाहिजे, म्हणून बटण सोडायचं नाही. बटणवाल्या गाडीत स्विच सतत ओढून धरा, बहुतेक गाड्या तो ओढलेला असेपर्यंत स्वतःच चाकं सांभाळून ब्रेक लावतात, सोडला की थांबतात.

डॅशवरचा लाल दिवा, गोलात उद्गारचिन्हाचा, हँडब्रेक वर असताना लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. दांडी पूर्ण खाली असून पण तो लागला तर ब्रेक ऑइल कमी झालंय, तेव्हा "सेन्सर खराब असंल" म्हणून पुढं जाऊ नका, कडेला घ्या, बॉनेट उघडून डबीतली पातळी बघा. आणि दांडी एक खटका वर राहून गाडी चालवली गेली तर मागून जळका वास येतो, गाडी जड ओढते. तेव्हा थांबा, ड्रमवर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड तडकू शकतं, अर्धा तास सावलीत थंड होऊ द्या. उभी करताना फक्त गिअर आणि चाकाला दगड, त्या वेळी हँडब्रेक ओढायचा नाही.